टच करंट किती चालतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार्जर, गिझर, वॉशिंग मशीन, वर्कशॉपमधली (मोटरचा वेग बदलणारी) ड्राइव्ह, दवाखान्यातला मॉनिटर. यांना हात लावला तर अंगातून किती करंट गेलेला चालतो, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एखादं उत्तर अर्धवट वाटलं तर त्यात दिलेल्या क्रमांकाचा प्रश्न वाचा. वेगळं सांगितलं नसेल तिथे हिशेब २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर केला आहे.

१. लॅपटॉप चार्जिंगला लावला की त्याच्या धातूच्या बॉडीवर बोट फिरवताना झिणझिण्या येतात. लॅपटॉप बिघडलाय का?

बहुतेक वेळा नाही. चार्जरच्या आत मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, बऱ्याचदा निळ्या चकतीसारखा दिसणारा. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. स्विचिंगमुळे तयार होणारा गोंगाट बाहेर पसरून रेडिओ, वायफायला त्रास होऊ नये म्हणून तो लावावाच लागतो. पण त्यातून ५० हर्ट्झचाही थोडा करंट झिरपतो. कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा असेल तर जास्तीत जास्त ०.१६ मिलीअँपिअर. तो लॅपटॉपच्या बॉडीवर येतो आणि तुमच्या बोटातून जमिनीकडे जातो.

एक गंमत करून पाहा. पूर्ण तळवा टेकवला तर काहीच कळत नाही. बोटाची मागची बाजू हलकेच सरकवली की पृष्ठभाग खरखरीत लागतो. चार्जर काढला की तोच पृष्ठभाग गुळगुळीत. कोरडी कातडी आणि धातू यांच्यात विद्युत आकर्षण सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतं, त्याचा हा परिणाम. मॅलिनक्रॉड्ट आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच त्याची नोंद केली होती.

झिणझिण्यांऐवजी झटका बसून हात मागे खेचला जात असेल तर मात्र चार्जर वापरणं बंद करा आणि प्रश्न १९ वाचा.

२. टच करंट आणि लीकेज करंट एकच ना?

बोलताना एकच म्हटलं जातं, मोजताना नाही. उपकरणातून झिरपणाऱ्या करंटला जमिनीकडे जायला दोन वाटा असतात. अर्थिंगच्या हिरव्या वायरमधून जातो तो प्रोटेक्टिव्ह कंडक्टर करंट. बॉडीला हात लावणाऱ्या माणसातून जातो तो टच करंट. आयईसी (विद्युत उपकरणांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) ६०९९० या मोजणीच्या मानकात या दोघांच्या पद्धती वेगवेगळ्या दिल्या आहेत. आरसीसीबीला (करंट जमिनीकडे झिरपू लागला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचला) पहिल्याची काळजी, तुम्हाला दुसऱ्याची. घरगुती उपकरणांच्या मानकात आजही लीकेज करंट हाच शब्द आहे, त्यामुळे टेस्ट रिपोर्ट वाचताना मोजणी कोणत्या दोन टोकांमध्ये केली आहे ते आधी पाहावं.

३. ०.५ मिलीअँपिअर हाच आकडा सगळीकडे का दिसतो? एवढ्याने कोणी मरतं का?

नाही मरत. मर्यादा मरणावर बेतलेलीच नाही, दचकण्यावर बेतलेली आहे. स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढणारा माणूस, हातात उकळत्या चहाचं पातेलं धरलेली बाई, यांना चिमटा बसला तर इजा विजेमुळे होणार नाही. तोल जाण्यामुळे होईल, सांडण्यामुळे होईल. आयईसी ६०४७९-१ मध्ये ०.५ मिलीअँपिअरपर्यंतचा पहिला पट्टा आहे. तिथे जाणवलं तरी साधारणपणे माणूस दचकत नाही.

पुढची पायरी सोडता येण्याची. एका पातळीनंतर हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडायची म्हटली तरी सुटत नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डालझिएल यांनी स्वयंसेवकांवर हे मोजलं, १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया. ६० हर्ट्झला सरासरी पुरुषांसाठी १६ आणि स्त्रियांसाठी १०.५ मिलीअँपिअर आली. पण सरासरीवर मर्यादा ठेवली तर निम्म्या लोकांचे हात अडकतील. त्यामुळे लहान मुलांसकट सगळ्यांना धरून आज ५ मिलीअँपिअर हा आकडा घेतला जातो. हृदयाची लय बिघडण्याचा धोका त्याच्या बराच वर, करंट काही सेकंद चालू राहिला तर सुमारे ४० मिलीअँपिअरच्या आसपास सुरू होतो.

मानकांमधले जवळजवळ सगळे आकडे ०.५ आणि ५ या दोन खुंट्यांना बांधलेले आहेत. दवाखान्यातली उपकरणं हा अपवाद (प्रश्न १८).

४. माझं उपकरण क्लास वन आहे की क्लास टू, कसं ओळखू?

रेटिंग प्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर क्लास टू. त्यात दुहेरी किंवा प्रबलित इन्सुलेशन असतं आणि अर्थिंगची गरज नसते. मोबाइल चार्जर, ट्रिमर, बहुतेक हँड ड्रिल या जातीचे. चिन्ह नसेल आणि थ्री-पिन प्लग असेल तर बहुधा क्लास वन: इस्त्री, फ्रीज, वॉशिंग मशीन, गिझर, डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय. नुसत्या पिना मोजून मात्र ठरवू नका. काही क्लास टू उपकरणांनाही थ्री-पिन प्लग दिलेला असतो, त्यातली अर्थची पिन नुसती सॉकेटमध्ये नीट बसण्यापुरती.

५. मग कोणत्या उपकरणाला किती मर्यादा?

घरगुती उपकरणांसाठी आयईसी ६०३३५-१, आपल्याकडे आयएस (भारतीय मानक) ३०२. त्यात क्लास टूला ०.३५ मिलीअँपिअर शिखरमूल्य (म्हणजे ०.२५ आरएमएस, प्रश्न १०), हातात धरायच्या किंवा हलवता येणाऱ्या क्लास वनला ०.७५, एका जागी बसवलेल्या मोटरच्या क्लास वनला ३.५, आणि एका जागी बसवलेल्या हीटरच्या क्लास वनला ०.७५ किंवा दर किलोवॅटला ०.७५, यातलं जे जास्त ते, पण ५ च्या वर नाही. मानकाच्या भाग दोनमध्ये विशिष्ट उपकरणासाठी हे आकडे बदललेले असू शकतात, तो पाहिल्याशिवाय शिक्का मारू नये.

कॉम्प्युटर आणि तत्सम सामानासाठी बरीच वर्षं आयईसी ६०९५०-१ होतं, आपलं आयएस १३२५२. त्यात अर्थ न जोडलेल्या भागांना ०.२५, हातात धरायच्या क्लास वनला ०.७५, बाकी प्लगच्या क्लास वनला ३.५. त्याच्या जागी आलेल्या आयईसी ६२३६८-१ ने भाषाच बदलली. तिथे करंटच्या पायऱ्या आहेत: ईएस१ म्हणजे एसीला ०.५ आणि डीसीला २ मिलीअँपिअर, ईएस२ म्हणजे एसीला ५ आणि डीसीला २५. सामान्य वापरकर्त्याचा हात जिथे पोचतो ते सगळं नेहमीच्या वापरात ईएस१ मध्ये बसलं पाहिजे. म्हणजे चार्जरच्या आउटपुटसाठी जुना ०.२५ चा आकडा ०.५ झाला. मला व्यक्तिशः जुना बरा वाटायचा. पण ०.५ हा आकडा दचकण्याच्या पातळीवरून थेट आलेला आहे, तेव्हा तक्रारीला फार जागा नाही.

प्रयोगशाळेतल्या आणि मोजमापाच्या उपकरणांना आयईसी ६१०१०-१: नेहमीच्या स्थितीत ०.५, एक बिघाड झाला असता ३.५.

६. क्लास टूला पाव मिलीअँपिअर आणि क्लास वनला ३.५? जास्त करंट सोडणारं उपकरण सुरक्षित कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात महत्त्वाचाही हाच आहे.

क्लास वनची मोजणी करताना लॅबमध्ये अर्थिंगची वायर मुद्दाम सोडवलेली असते. ३.५ मिलीअँपिअर हा रोज अंगातून जाणारा करंट नाही. अर्थिंग तुटलं आणि त्याच वेळी कोणी बॉडीला हात लावला, तर जाईल तो करंट. अर्थिंग ठीक असताना सगळा करंट हिरव्या वायरने जातो आणि हाताला काही कळत नाही. ३.५ म्हणजे ५ च्या खाली, तेव्हा झटका सणसणीत बसेल, पण हात सोडवता येईल. क्लास टूला अशी दुसरी वाट नसते, तिथला करंट रोजच अंगातून जाणार, म्हणून त्याची मर्यादा इतकी खाली.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: अर्थिंग असतं, आणि तुटलंच तर तो क्वचित घडणारा बिघाड असतो. आता जुन्या चाळीतला किंवा वाड्यातला एखादा बोर्ड उघडून पाहा. वरचं मोठं भोक असलेला थ्री-पिन सॉकेट दिमाखात बसवलेला असतो. मागे फेज आणि न्यूट्रलच्या दोन वायरी, आणि अर्थच्या टर्मिनलवर नुसती धूळ. स्क्रू आजवर कधी फिरवलेलाच नसतो. अशा घरात मानकाने ज्याला बिघाड म्हटलं ती रोजची स्थिती असते. फ्रीजचं दार उघडताना चिमटा बसतो, घरातले चप्पल घालून फ्रीज उघडायला शिकतात, आणि कंपनीला शिव्या बसतात. फ्रीज मर्यादेतच असतो. घर मर्यादेबाहेर असतं.

शिवाय ३.५ ही चांगल्या इन्सुलेशनची मर्यादा आहे. अर्थिंग नसलेल्या घरात उद्या मोटरचं इन्सुलेशन गेलं तर बॉडीवर थेट फेज येते, आणि तेव्हा करंट अडवायला तुमचं शरीर सोडून काहीच उरत नाही. चिमटा बसतोय ही तक्रार आली की मी उपकरणाआधी सॉकेट पाहायला सांगतो, ते यासाठी.

७. मल्टिमीटरने लॅपटॉपची बॉडी आणि अर्थ यांच्यात ११० व्होल्ट दाखवले! आता?

घाबरू नका, मीटर खोटं बोलत नाही पण अर्धंच सांगतोय. डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे बारीकशा झिरपणीलाही मोठं व्होल्टेज दिसतं.

अर्थिंग न जोडलेल्या पॉवर सप्लायमध्ये फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन सारखे कपॅसिटर असतील, तर बॉडी बरोबर मधोमध, ११५ व्होल्टवर तरंगते. कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचे धरले तर मीटर ११५ च्या जवळपास दाखवतो. आता मीटरच्या दोन टोकांना समांतर २ किलोओहमचा रोध लावला, म्हणजे ढोबळमानाने माणूसच लावला, की तेच वाचन ०.३ व्होल्टवर कोसळतं. करंट ०.१६ मिलीअँपिअर. वाचन असं कोसळलं नाही, रोध लावूनही ते कित्येक व्होल्ट राहिलं, तर काळजीचं आहे: १ व्होल्ट राहिला म्हणजे ०.५ मिलीअँपिअर, १० व्होल्ट म्हणजे ५.

हे वाचून घरी रोध जोडायला बसू नका. बॉडीवर खरोखर फेज आली असेल तर तो रोध क्षणात जळेल, आणि तुमचा हात जवळ असेल.

८. टेस्टर लावला की बॉडीवर दिवा पेटतो. म्हणजे करंट आहेच ना?

आहे, पण किती ते टेस्टर सांगत नाही. निऑन टेस्टरमधला दिवा मिलीअँपिअरच्या छोट्या हिश्शावरही मंद पेटतो. मर्यादेतलं उपकरण आणि जीवघेणं उपकरण, दोन्हींवर दिवा लागतो. फारतर मंद आणि लख्ख एवढा फरक दिसेल, त्यावर निर्णय घेऊ नये.

९. लॅबमध्ये मोजतात तरी कसं?

माणसाऐवजी एक सर्किट लावतात. १५०० ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड समांतर, त्यांच्यापुढे ५०० ओहम. पहिली जोडी म्हणजे कातडी, ५०० म्हणजे आतलं शरीर. ५० हर्ट्झला दोन्ही मिळून जवळपास २ किलोओहम होतात. फ्रीक्वेन्सी वाढली की कपॅसिटर कातडीला बगल देतो आणि फक्त ५०० उरतात, शरीरात होतं तसंच. दचकण्याची पातळी मोजायची तर पुढे आणखी १० किलोओहम आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचा फिल्टर लागतो, कारण जास्त फ्रीक्वेन्सीचा तेवढाच करंट नसांना कमी जाणवतो. शेवटी आलेलं व्होल्टेज भागिले ५००, हा टच करंट. मीटरवर २५० मिलीव्होल्ट आले की ०.५ मिलीअँपिअर.

एकदा मोजून भागत नाही. फेज-न्यूट्रल अदलाबदल करून, स्विच चालू-बंद करून, न्यूट्रल तोडून मोजायचं आणि सगळ्यात वाईट वाचन धरायचं. प्लास्टिकच्या बॉडीवर तळहाताएवढा, १० बाय २० सेंटीमीटरचा धातूचा पत्रा चिकटवून मोजतात. घरगुती हीटरच्या उपकरणांना नाममात्र पॉवरच्या १.१५ पट आणि मोटरच्या उपकरणांना नाममात्र व्होल्टेजच्या १.०६ पट देऊन, ती गरम झालेली असताना ही परीक्षा होते.

टू-पिन प्लग उलटा घातला की झिणझिण्या कमी होतात, असं बरेच जण कळवतात. बरोबर आहे. कपॅसिटर एकाच तारेला जोडलेला असेल तर ती तार न्यूट्रलकडे गेल्यावर करंट जवळपास थांबतो.

१०. काही ठिकाणी ०.५ आणि काही ठिकाणी ०.७ लिहिलंय. छपाईची चूक?

चूक नाही. ०.५ हे आरएमएस मूल्य, म्हणजे एक प्रकारची सरासरी; ०.७ हे त्याचंच शिखरमूल्य, म्हणजे लाटेचं सर्वात उंच टोक, १.४१४ ने गुणलेलं. त्याच न्यायाने ०.२५ चं ०.३५ होतं. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा करंट शुद्ध साइन नसतो, मध्येच टोकदार सुळके येतात. माणूस दचकतो तो सुळक्याला, सरासरीला नाही. म्हणून नव्या आवृत्त्यांमध्ये शिखरमूल्य आलं.

११. डीसीला चौपट, २ मिलीअँपिअर का चालतो?

नसा बदलाला प्रतिसाद देतात. एसीमध्ये बदल सेकंदाला ५० वेळा येतो, डीसीमध्ये फक्त जोडताना आणि सोडताना. मात्र मोबाइल चार्जिंगला असताना लागणाऱ्या झिणझिण्यांना हा नियम लावू नका. चार्जरचं आउटपुट ५ व्होल्ट डीसी असलं तरी अंगातून जातो तो वाय कपॅसिटरचा एसी करंट, त्याला ०.५ चीच मर्यादा.

१२. पावसाळ्यात, ओल्या पायांनी फरशीवर उभं राहिलं की चिमटा वाढतो. मग लॅबमधल्या मर्यादेचा उपयोग काय?

कपॅसिटरमधून येणारा करंट कातडी ओली झाल्याने फारसा वाढत नाही. २.२ नॅनोफॅरडचा विरोध ५० हर्ट्झला जवळपास १४.५ लाख ओहम. त्यापुढे शरीर २ हजार असो वा ५०० ओहम, फरक नगण्य. मग जास्त का जाणवतो? कारण कोरडी चप्पल आणि कोरडी फरशी आधी स्वतःच मोठा अडथळा होत्या, त्यामुळे पूर्ण करंट कधी वाहतच नव्हता. ओल्या पायांनी तुम्ही लॅबमधल्या सर्वात वाईट स्थितीच्या जवळ जाता, तिच्यापलीकडे नाही.

हे शाबूत इन्सुलेशनपुरतं. केबल सोललेली असेल, मोटरमध्ये पाणी गेलं असेल, तर कपॅसिटरचा अडथळा मध्ये नसतो आणि ओली कातडी खरोखर घातक ठरते.

१३. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे. चिमटा बसतो तेव्हा तो पडत का नाही? आणि ऑफिसमध्ये काही झालेलं नसताना का पडतो?

पहिल्याचं उत्तर आकड्यातच आहे. ०.५ काय किंवा ३.५ काय, ३० च्या खूप खाली. आरसीसीबी दचकण्यापासून वाचवत नाही, मरणापासून वाचवतो. अमेरिकेत ५ मिलीअँपिअरच्या आसपास पडणारे जीएफसीआय (तिकडचे आरसीसीबीच) वापरतात; त्याचा शोध डालझिएल यांनीच १९६१ मध्ये लावला, तेच प्रश्न ३ मधले.

ऑफिसमध्ये उलटं होतं. एका पीसीमधून अर्थिंगला समजा १ मिलीअँपिअर जातो. एकाच आरसीसीबीवर पंधरा-सोळा पीसी, वर प्रिंटर आणि यूपीएस. ३० चा आरसीसीबी १५ पर्यंत पडता कामा नये आणि ३० ला पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात तो केव्हाही पडू शकतो. लाइट जाऊन आली की सगळ्यांमधले फिल्टर (वाय कपॅसिटर) एकदम चार्ज होतात आणि नेमका तेव्हाच पडतो. प्रत्येक उपकरण मर्यादेत, बेरीज मर्यादेबाहेर. कायमची झिरपण आरसीसीबीच्या ३० टक्क्यांच्या, म्हणजे ९ मिलीअँपिअरच्या आत राहील असे सर्किट वाटून घ्यावेत. आरसीसीबी काढून टाकणं किंवा १०० चा लावणं हा उपाय नव्हे.

१४. गावी कोकणात घर चार महिने बंद होतं. गिझर लावला की आरसीसीबी पडतो, पण अर्ध्या तासाने टिकतो. कसं काय?

गिझरच्या कॉइलमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यात मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. टोकांचं सील म्हातारं झालं की ती हवेतला ओलावा शोषते आणि करंट झिरपू लागतो. कॉइल तापली की ओल निघून जाते आणि वाचन खाली येतं. २ किलोवॅटच्या गिझरला दर किलोवॅट ०.७५ च्या नियमाने १.५ मिलीअँपिअर चालतो. आरसीसीबी पडतोय म्हणजे झिरपण त्याच्या किमान दहापट झाली. तो टिकेपर्यंत पुन्हा पुन्हा वर करत राहू नका. वायरमनला बोलावून इन्सुलेशन तपासून घ्या आणि बहुधा कॉइल बदला. या गिझरची अर्थिंग शाबूत आहे ना हेही त्याच वेळी पाहून घ्या.

१५. मुलाने अमेरिकेतून आणलेला लॅपटॉप तिथे कधी चावला नाही, पुण्यात चावतो. आपल्या विजेत काय वेगळं आहे?

व्होल्टेज. कपॅसिटरचा करंट व्होल्टेज गुणिले फ्रीक्वेन्सी यावर ठरतो. तिकडे १२० गुणिले ६०, इकडे २३० गुणिले ५०: करंट १.६ पट. २.२ नॅनोफॅरडला तिथे ०.१०, इथे ०.१६ मिलीअँपिअर. तिथे लाकडी जमीन आणि गालिचा, इथे मोझेक किंवा शहाबादी फरशीवर अनवाणी पाय, हाही भाग आहेच. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर त्याची परीक्षा त्यातल्या सर्वात प्रतिकूल व्होल्टेजला झालेली असते, मर्यादा ओलांडली जात नाही. फक्त १२० व्होल्ट लिहिलेली वस्तू मात्र इथे नुसत्या पिन बदलून कधीच लावू नका.

१६. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार सगळे मर्यादेत, तरी केबल काढताना सणकन लागतं. असं का?

कारण ते आता एक उपकरण झालंय. एचडीएमआय आणि ऑडिओच्या वायरींनी सगळ्यांच्या बॉडी जोडल्या गेल्या आणि प्रत्येकाच्या चार्जरचा करंट एकत्र आला. तिघांचे ०.१६ धरले, तिघांचीही फेज एकाच बाजूला आली, तर ०.४८. केबल जोडलेली असते तोवर हा सगळा करंट तिच्या बाहेरच्या जाळीतून, कुठेतरी अर्थ झालेली असेल तर, निघून जातो. एका हातात काढलेली केबल आणि दुसऱ्या हातात बॉक्स धरला की तुम्ही त्या जाळीच्या जागी येता. उपाय साधा: सगळ्यांचे प्लग आधी काढा, मग केबलला हात लावा. एका जागी खूप पोर्ट असलेल्या टेलिकॉम उपकरणांसाठी ६०९५०-१ मध्ये अशी बेरीज तपासायची तरतूद होती. घरच्या टीव्हीखाली कोण काय जोडेल हे कोणताही निर्माता तपासू शकत नाही.

१७. वर्कशॉपमधल्या ड्राइव्हवर ‘लीकेज करंट ३.५ मिलीअँपिअरपेक्षा जास्त’ असा फलक आहे. मर्यादा ओलांडूनही पास कसा झाला?

मोटर ड्राइव्हच्या फिल्टरमध्ये आणि मोटरच्या लांब शील्ड केबलमध्ये एवढी धारिता असते की ३.५ मध्ये बसणं शक्यच नसतं. अशा वेळी मानक करंटऐवजी अर्थिंगवर अट घालतं: अर्थिंग तुटूच शकणार नाही इतकं मजबूत करा. आयईसी ६१८००-५-१ नुसार एसीला ३.५ किंवा डीसीला १० मिलीअँपिअरच्या वर गेलं तर जोडणी कायमची हवी, आणि अर्थची तार किमान १० चौरस मिलिमीटर तांब्याची, किंवा दुसरी स्वतंत्र अर्थ तार, किंवा अर्थ तुटताच सप्लाय आपोआप बंद. कॉम्प्युटरच्या जुन्या मानकात कायम जोडलेल्या मोठ्या सर्व्हरनाही अशीच सवलत होती, इनपुट करंटच्या ५ टक्क्यांपर्यंत.

अशी ड्राइव्ह साध्या १६ अँपिअरच्या प्लगवर चालवलेली भोसरी-चाकणच्या शेडमध्ये सर्रास दिसते. प्लग अर्धवट निघाला की त्या फलकाचा अर्थ कळतो.

१८. दवाखान्यात मर्यादा मायक्रोअँपिअरमध्ये का सांगतात?

कारण तिथे कातडी मध्ये नसते. हृदयापर्यंत नळी किंवा तार गेलेली असेल तर मिलीअँपिअरच्या छोट्या अंशानेही लय बिघडू शकते, आणि पेशंट दचकून हातही काढू शकत नाही. आयईसी ६०६०१-१, म्हणजे आपल्या आयएस १३४५० मध्ये, हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या सीएफ प्रकाराला नेहमीच्या स्थितीत १० आणि एका बिघाडात ५० मायक्रोअँपिअर. शरीराला लागणाऱ्या, पण हृदयाशी थेट संबंध न येणाऱ्या बी आणि बीएफ प्रकाराला १०० आणि ५००. बाहेरच्या बॉडीचा टच करंटही १०० आणि ५००. अर्थच्या तारेतून मात्र ५ मिलीअँपिअरपर्यंत चालतो, बिघाडात १०.

उपकरणावर चौकोनात हृदयाचं चित्र म्हणजे सीएफ, चौकोनात माणूस म्हणजे बीएफ. कॉटशेजारी साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर मोबाइल चार्जर आणि मॉनिटर शेजारी शेजारी लावलेले दिसतात. त्या चार्जरला घरगुती वापराची मर्यादा लागू आहे, सीएफच्या १० मायक्रोअँपिअरच्या पन्नासपट. पेशंटच्या हातात चार्जिंगला लावलेला फोन देऊ नये, तो यामुळे.

१९. आयएसआय किंवा आर-नंबरचा शिक्का आहे म्हणजे निश्चिंत ना? स्वस्त चार्जरमध्ये नेमकं काय वाईट असतं?

बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) सक्तीच्या नोंदणीखालच्या चार्जरवर आर-नंबर असतो. तो सांगतो की त्या मॉडेलचा नमुना मान्यताप्राप्त लॅबमध्ये पास झाला. नंबर बीआयएसच्या अ‍ॅपवर टाकून पाहा; छापता काय, काहीही येतं.

नकली चार्जरमध्ये बहुधा वाय कपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक कपॅसिटर असतो. टच करंट दोन्हीत सारखाच येतो, मोजून फरक कळणार नाही. फरक विजेचा झोत आल्यावर कळतो. वाय२ प्रकाराची ५ किलोव्होल्टच्या आणि वाय१ ची ८ किलोव्होल्टच्या इम्पल्सवर परीक्षा झालेली असते. साधा कपॅसिटर फुटून शॉर्ट झाला की आउटपुटच्या वायरवर थेट मेन्स. कालपर्यंत झिणझिण्या आणि आज झटका, असं झालं तर तो चार्जर कापून टाका, कामवाल्या मावशींना किंवा भंगारवाल्याला देऊ नका.

२०. घरात अर्थिंग नाही. वायरमन म्हणतो सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, चिमटा जाईल. करू का?

चिमटा जाईल, पण अजिबात करू नका. त्या जोडणीनंतर फ्रीजची बॉडी न्यूट्रलवर टांगलेली असते. खांबावर किंवा मीटर-बोर्डात न्यूट्रल सैल झाला, किंवा कोणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले, की बॉडीवर सरळ २३० व्होल्ट. आधी ०.५ च्या आसपासचा कपॅसिटरचा करंट होता. आता अडवणारं काहीच नाही. नळाच्या पाइपला अर्थ बांधणंही तसंच, आता मध्ये कुठेतरी पीव्हीसीचा तुकडा असतोच आणि तुमचा करंट शेजाऱ्याच्या नळावर निघतो.

आयएस ३०४३ प्रमाणे स्वतंत्र अर्थ इलेक्ट्रोड घालून घ्या, हिरवी तार प्रत्येक थ्री-पिनपर्यंत न्या, आणि वायरमनकडून मल्टिमीटरवर नव्हे तर अर्थ टेस्टरवर वाचन घ्या. मल्टिमीटर फेज-अर्थ २३० दाखवतो तेव्हा तार कुठेतरी पोचलीय एवढंच कळतं, ती बिघाडाचा करंट वाहून नेईल का ते कळत नाही. हे होईपर्यंत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. अर्थ नसलेल्या घरातही तो चालतो, फक्त तो पडायला करंट आधी तुमच्यातून जावा लागतो. थ्री-पिनचं टू-पिन करणारा कन्व्हर्टर फ्रीज, इस्त्री, वॉशिंग मशीन यांना लावू नका. चौकोनात चौकोन असलेल्या उपकरणाला लावलात तर हरकत नाही.